किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातलं शून्य – आणि शून्याच्या इतर खऱ्या गोष्टी

किल्ल्याखालचा | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, आज सकाळी भाचीच्या मुलीला घेऊन किल्ल्यावर गेलो होतो. वय वर्षं सात, दुसरीत आहे. जन्म ग्वाल्हेरात गेला, पण मी कायम उरवाई गेटकडून गाडीनेच वर जाणारा. या वेळी तिच्या हट्टापायी किला गेटकडून पायी चढलो. गुजरी महाल मागे पडला की चढ अंगावर येतो. हाथी पौर यायच्या आधी रस्त्याच्या कडेला एक लहानसं देऊळ लागतं. बांधलेलं नाही, अख्खंच्या अख्खं खडकातून कोरून काढलेलं. शेजारून माणसं धापा टाकत वर निघून जातात, मानसिंगाच्या महालाचे निळे हत्ती नि बदकं बघायची घाई असते. तेच चतुर्भुज मंदिर.

आत भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. मोबाइलचा उजेड तिरपा धरला तेव्हा अक्षरं उठून दिसली. सरळ उजेडात ती दगडात बुडून जातात, कुणी गेलात तर हे ध्यानात ठेवा. लेखाचं साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. कनौजच्या प्रतिहार राजा भोजाचा काळ. त्याचा इथला कोटपाल, म्हणजे किल्लेदार, अल्ल नावाचा होता. देऊळ त्याने आदल्या वर्षी कोरून घेतलं होतं. गंमत बघा, या अल्लाचं घराणं इथलं नव्हे, गुजरातेकडल्या लाट देशातल्या आनंदपुराहून आलेलं. चाकरीसाठी दुसऱ्या मुलखातून येऊन या किल्ल्याखाली घर करणारे आपण मराठी लोक पहिले नव्हतो तर.

लेखात दानाचा तपशील आहे. देवासाठी फुलबागेची जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे, ऋतूप्रमाणे जी फुलं मिळतील त्यांचे. तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीला घाण्यामागे ठरलेलं तेल दिव्यांसाठी द्यायचं. त्या २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे एक लहानसं वर्तुळ. बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक. पण दोन आणि सात इतके आपल्यासारखे की पोरीने ते बोट न लावता, लांबूनच वाचले. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा आकडा दुसरीतल्या मुलीने वाचला!

मग तिने विचारलं, "मामाआजोबा, शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग जे नाहीच ते दगडात कोरायचं कशाला?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. उतरताना सगळ्या वाटेवर तेच डोक्यात होतं. म्हणून हा धागा. तिला काय सांगू ते सुचवा, आणि आकड्यांच्या, मेंदूच्या, इतिहासाच्या अशा खऱ्या गोष्टी ठाऊक असतील तर त्याही लिहा. फक्त खऱ्या असाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं नको.

---

मुरारची सून | रविवार, रात्री १०.०५

किती छान लिहिलंत दादा. लग्न होऊन इथे येऊन अठरा वर्षं झाली, दर पाहुण्याला किल्ला दाखवला, पण या देवळासमोर कधी थांबले नाही. वाईट वाटलं वाचून.

एक शंका आहे, खूप दिवसांची. शून्य आर्यभटाने शोधलं असं आम्ही शाळेत शिकलो. मग त्याच्या आधी रावणाची दहा डोकी आणि शंभर कौरव मोजले कसे? मुलगा विचारतो, आणि मला खरंच सांगता येत नाही.

---

नाणेघाट | रविवार, रात्री ११.२०

ताई, मोजणं वेगळं, मोजलेलं लिहिणं वेगळं. 'दश', 'शत', 'सहस्र' हे शब्द ऋग्वेदातही आहेत. यजुर्वेदात तर परार्धापर्यंत नावांची यादी आहे. तोंडाने शंभर म्हणायला शून्य लागत नाही. आपली आजी कागदाला हात न लावता शंभर उपमा, शंभर म्हणी सांगायची, तसंच.

लिहायलासुद्धा लागतंच असं नाही. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, इसवी सनाच्या आधीचा. तिने यज्ञांत दिलेल्या गाई आणि कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, दानं त्यात हजारांच्या आकड्यांत नोंदलेली आहेत, आणि शून्य एकही नाही. त्या ब्राह्मी पद्धतीत दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. खुणा शेजारी शेजारी मांडायच्या नि बेरीज करून वाचायच्या. काम चालतं, फक्त खुणा पुष्कळ पाठ कराव्या लागतात, आणि त्या मांडून गुणाकार करता येत नाही.

आर्यभटाचं म्हणाल तर त्याचा ग्रंथ ४९९ चा. 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' हे त्याचंच, म्हणजे एक घर पुढे सरकलं की दहापट. दशमान पद्धत त्याला पक्की ठाऊक होती. पण तो आकडे अक्षरांनी लिहितो, त्यात शून्याची खूण नाही. शून्याला स्वतंत्र संख्या मानून तिचे नियम बांधले ते ब्रह्मगुप्ताने, ६२८ मध्ये. संख्येतून तीच संख्या वजा केली तर शून्य, ऋणात शून्य मिळवलं तर ऋण, शून्याला कशानेही गुणलं तर शून्य. सगळं आजच्यासारखं. एका जागी मात्र अडला. शून्याला शून्याने भागलं तर शून्यच, असं त्याने लिहून ठेवलं.

तेव्हा 'शोध कुणी लावला' या प्रश्नाला एका माणसाचं नाव देता येत नाही. मुलाला तसंच सांगा.

---

हातचा एक | सोमवार, सकाळी ६.५०

वय ७८. चाळीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे.

पहाटे उठून त्या बागेचं क्षेत्रफळ काढलं. २७० गुणिले १८७. आमचे वडील जसं शिकवायचे तसं केलं, पूज्य बाजूला ठेव, सत्तावीस गुणिले एकशे सत्त्याऐंशी कर. ५०४९. आता पूज्य परत लाव. ५०,४९० चौरस हात. हात दीड फुटाचा धरला तर बाग साधारण ४०५ फूट लांब, २८० फूट रुंद, म्हणजे अडीच एकरांहून थोडी जास्त. रोजच्या ५० हारांना बारा महिने फुलं पुरवायची तर एवढी जमीन लागणारच. ज्याने दान ठरवलं त्याने माळ्याला विचारून ठरवलं असलं पाहिजे.

नव्या लोकांसाठी सांगतो, जुन्या मराठीत शून्याला 'पूज्य' म्हणत. 'एकावर पूज्य दहा' असं आम्ही शाळेत घोकलं आहे. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ आहे. ज्याला किंमत नाही त्याला आपल्या भाषेने पूज्य म्हटलं. लहानपणी मी शून्य काढून वहीला नमस्कार करायचो, कारण मला वाटे तो कुणी देव आहे.

आणखी एक. आपण आहेराचं पाकीट देताना शंभर देत नाही, एकशे एक देतो. पाचशे नाही, पाचशे एक. आई म्हणायची, पूज्यावर व्यवहार संपतो, वरचा रुपया पुढचं नातं चालू ठेवतो. पूर्वी आहेराचं पाकीट भरताना वाण्याकडे नुसता एक रुपया सुटा मागायला माणसं यायची. देवाला मात्र ५० हार, पुरते पन्नास. तिथे हिशेब संपण्याची भीती कुणाला वाटली नाही, हे मला आवडलं.

---

राजवाडा ते सराफा | सोमवार, सकाळी ९.१५

काका, नमस्कार! पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तुम्हाला येत असणार. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेली शेवटची पिढी तुमची.

इंदूरहून एक गोष्ट जोडतो, कारण ही आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्यांचीच आहे. माझं शिक्षण हिंदीतून, घरी मराठी. ऑफिसात दिवसभर हिंदी बोलतो, पण बेरीज मनातल्या मनात मराठीतच होते. 'एकोणऐंशी' म्हटल्याशिवाय ७९ मला दिसतच नाही. 'उन्यासी' ऐकलं की क्षणभर थांबून ते उनसठ की उनहत्तर की उन्यासी हे चाचपावं लागतं. मला वाटायचं, हा माझाच घोळ.

पण १९९९ मध्ये फ्रान्सचे स्तानिस्लास दहाएन आणि अमेरिकेच्या एलिझाबेथ स्पेलके यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच तपासलं. रशियन आणि इंग्लिश दोन्ही येणाऱ्यांना नव्या बेरजा एका भाषेत शिकवल्या नि मग दुसरीत विचारल्या. नेमकं उत्तर काढायचं असलं की शिकलेली भाषा सोडून दुसरीत वेळ जास्त लागे. पण अंदाज करायचा असला, उत्तर याच्या जवळ की त्याच्या, तर भाषेने काहीच फरक पडत नसे. म्हणजे नेमका हिशेब मेंदू शब्दांत बांधून ठेवतो, आणि 'साधारण एवढं' हे कळणं शब्दांच्या खालून येतं.

भाजीवाल्याने पिशवी हातात दिली की वजन कमी आहे हे आपल्याला भाषेशिवाय कळतं. कितीने कमी हे मात्र मराठीत.

---

बडोद्याची मास्तरीण | सोमवार, दुपारी ४.३०

शाळा सुटल्यावर लिहिते आहे. पंचवीस वर्षं पहिली-दुसरीला गणित शिकवते, तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाने मला घरी आल्यासारखं वाटलं. दरवर्षी एखादं मूल हे विचारतंच.

मुलांना एक-दोन-तीन आधी येतात, शून्य पुष्कळ मागाहून. आकडा ओळखतात, 'झिरो' म्हणतात, पण एक नि शून्य यांत लहान कोण विचारलं की चार वर्षांची मुलं बेधडक 'एक' सांगतात. त्यांच्या लेखी मोजणं एकापासून सुरू होतं, आणि शून्य हा मोजण्याच्या बाहेरचा कुणीतरी असतो. त्यांचं चुकतं असं मी कधी म्हटलं नाही. माणसांच्या पुष्कळ संस्कृती हजारो वर्षं तिथेच होत्या.

आता मेंदूची गोष्ट. २०२४ मध्ये जर्मनीत बॉन आणि ट्यूबिंगेनच्या शास्त्रज्ञांनी फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं काम टिपलं. या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठीच बारीक तारा बसवलेल्या होत्या, फिट कुठून सुरू होते ते शोधायला. त्या असताना त्यांना पडद्यावर ठिपके आणि आकडे दाखवले. कधी ठिपके असलेला चौकोन, कधी अगदी रिकामा. रिकाम्या चौकोनाला प्रतिसाद देणाऱ्या वेगळ्या पेशी सापडल्या. आणि पेशींच्या एकूण वागण्यावरून दिसलं की मेंदू त्या रिकामेपणाला आकड्यांच्या रांगेतच बसवतो, सगळ्यांत आधी, एकाच्या शेजारी.

म्हणजे मेंदूच्या लेखी शून्य हे 'काही नाही' नसतं. ते 'किती' या प्रश्नाचं एक उत्तर असतं.

---

मुरारची सून | सोमवार, सायंकाळी ७.१०

बापरे, ताई! हे वाचून अंगावर काटा आला. माणसाच्याच मेंदूत असतं का हे?

---

बडोद्याची मास्तरीण | सोमवार, रात्री ९.००

नाही ना. ट्यूबिंगेनच्याच आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत कावळ्यांच्या मेंदूतही अशा पेशी दिसल्या, २०२१ मध्ये. कावळे रिकाम्या चौकोनात गोंधळले तर तो त्यांना एकासारखा वाटे, तीन-चारसारखा नाही. याचा अर्थ त्यांनीही तो रांगेत लावला होता.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती मधमाशी. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या स्कार्लेट हॉवर्ड यांनी मधमाश्यांना शिकवलं. दोन पाट्या लावायच्या, एकीवर कमी आकृत्या, दुसरीवर जास्त. कमी आकृत्यांच्या पाटीवर बसली तर साखरेचं पाणी, जास्तीच्या पाटीवर बसली तर क्विनीनचं कडू पाणी. आकृत्यांचा आकार, मांडणी सतत बदलायची, म्हणजे माशीला चित्र पाठ करता येऊ नये. 'कमी' हे पक्कं झाल्यावर एक दिवस कोरी पाटी लावली, जी माश्यांनी आधी पाहिलीच नव्हती. माश्या कोऱ्या पाटीकडे जास्त वेळा गेल्या. आणि शून्य विरुद्ध एक असताना त्यांच्या चुका जास्त होत, शून्य विरुद्ध पाच असताना कमी. आमच्या लहान मुलांसारखंच! माशीच्या मेंदूत दहा लाखांहून कमी पेशी असतात.

चतुर्भुजाच्या बागेतही मधमाश्या आल्याच असतील. अडीच एकर फुलं होती.

---

नाणेघाट | सोमवार, रात्री ११.४५

मास्तरीणबाई, सुंदर.

आता मी एक अवघड गोष्ट लिहितो. रागावू नका. ग्वाल्हेरचं शून्य जगातलं सर्वांत जुनं नाही. फाटकापाशी गाइड मंडळी तसं सांगतात, पर्यटकांना आवडतंही, पण कंबोडियात मेकाँग नदीकाठच्या संबोरचा एक लेख आहे. त्यात शक ६०५ हे साल आकड्यांत आहे, म्हणजे इसवी सन ६८३. जवळजवळ दोनशे वर्षं आधी. तिथे मधलं शून्य हा नुसता ठिपका आहे. फ्रेंच पंडित जॉर्ज सेदेस यांनी १९३१ मध्ये तो जगापुढे मांडला. पुढे ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या धामधुमीत तो दगड दिसेनासा झाला, आणि आमिर अक्झेल नावाच्या गणितज्ञाने शोधत शोधत जाऊन २०१३ मध्ये तो अंगकोरजवळच्या एका वखारीत पुन्हा गाठला. त्या मोडतोडीत एका ठिपक्यासाठी फिरणारा माणूस! मला तो फार जवळचा वाटतो.

दुसरं, बख्शाली हस्तलिखित. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी जमीन खणताना भूर्जपत्रांवरचं गणित सापडलं. आज ते ऑक्सफर्डला आहे. त्यात शून्यासाठी ठिपके आहेत, पुष्कळ. २०१७ मध्ये त्याची कार्बन परीक्षा झाली तेव्हा एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातलं निघालं, दुसरं सातव्या-आठव्या, तिसरं नवव्या-दहाव्या. एकाच पोथीची पानं पाच-सहाशे वर्षांच्या अंतराची कशी असतील? मजकूर सलग आहे, अक्षर एका वळणाचं आहे. म्हणून काही अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली की जुन्या पानाचं साल धरून सगळी पोथी जुनी म्हणू नका. वाद मिटलेला नाही.

---

किल्ल्याखालचा | मंगळवार, सकाळी ७.३०

रागावतोय कशाला, नाणेघाटसाहेब. खरं सांगितलंत.

पण रात्री तुमचं वाचून झोप आली नाही, कारण खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला लागलंच. आपल्या गावचं काहीतरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं. मग उठून त्या लेखाचा तपशील पुन्हा वाचला. त्यात कुठेही शून्याबद्दल अवाक्षर नाही! ना गणित, ना पंडित, ना 'पाहा आम्ही केवढं काढलं'. हार, तेल, जमिनीची मापं. कोरणाऱ्याने २७० अगदी सहज लिहिला, कारण त्याला ठाऊक होतं की वाचणाऱ्या माळ्याला, तेल्याला, पुजाऱ्याला तो कळणार. भिंतीवर दानाचा आकडा कोरतात तो पुढे कुणी शब्द फिरवू नये म्हणून. तिथे लोकांना न कळणारी खूण कुणी वापरणार नाही.

मला आता ते 'पहिलं' नसण्याचं काही वाटत नाही. पहिलं शून्य कुण्या विद्वानाचं असेल. हे बाजारातलं शून्य आहे. ८७६ मध्ये ग्वाल्हेरात ते इतकं रुळलेलं होतं की देवाच्या हारांचा हिशेब त्यात लिहिला जाई. त्याच वेळी निम्म्या युरोपात रोमन अक्षरं मांडून गणित चाललं होतं. माझ्या लेखी किल्ल्यावरची ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, महालापेक्षाही.

---

हातचा एक | मंगळवार, सकाळी ८.२०

शाबास. हेच म्हणायचं होतं.

युरोपाचं निघालंच आहे तर सांगतो. 'शून्य'चं अरबीत 'सिफ्र' झालं, लॅटिनमध्ये 'झेफिरम', त्यातून 'झिरो'. आपल्या गल्लीत उर्दू वळणाने 'सिफर' म्हणणारे अजून आहेत. पिसाच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये हे आकडे आपल्या लोकांना शिकवले, आणि १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना या नव्या आकड्यांत हिशेब लिहायला बंदी केली. अक्षरांतच लिहा म्हणाले. शून्याला एक शेपूट जोडलं की सहा होतो, नऊ होतो, ही त्यांची भीती होती असं सांगतात. मला ती भीती पूर्ण समजते. चेकवर आकड्यासोबत रक्कम अक्षरी लिहायला लावतात ती याच कारणाने. मी स्वतः आयुष्यभर रकमेमागे 'फक्त' लिहून रेघ ओढली आहे. एकदा एका कागदावर ती रेघ ओढायची राहिली, आणि तो आकडा कुणीतरी वाढवला. तीन महिने मला झोप नव्हती.

---

राजवाडा ते सराफा | मंगळवार, दुपारी १.००

काका, शून्य आजही घात करतं. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या नौदलाची 'यॉर्कटाउन' ही युद्धनौका भर समुद्रात बंद पडली. कुणीतरी संगणकात एका रकान्यात शून्य भरलं, यंत्राने त्याने भागायचा प्रयत्न केला, सगळी यंत्रणा कोलमडली आणि इंजिनं थांबली. हजारो टनांचं जहाज काही तास पाण्यावर नुसतं तरंगत होतं.

ब्रह्मगुप्त जिथे अडला, तिथेच!

---

नाणेघाट | मंगळवार, दुपारी २.१०

आणि तिथून वाट काढणारा आपला माणूस. भास्कराचार्य. शून्याने भागलेल्या संख्येला त्यांनी 'खहर' हे वेगळं नाव दिलं आणि म्हणाले, यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. जसे प्रलयकाळी जीव अच्युतात शिरले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी त्या अनंतात फरक पडत नाही. आजचं गणित याला उत्तर मानणार नाही, शून्याने भागणं आपण निषिद्धच धरतो. पण बाराव्या शतकात कुणीतरी 'हे शून्य नव्हे, हे दुसरंच काही आहे' एवढं ओळखलं, ते फार मोठं.

त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. अच्युत म्हणजे विष्णू, आणि तुमचा चतुर्भुजही विष्णूच.

आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं आणखी एक शून्य राहिलं. उज्जैन. आपल्या ज्योतिषांनी रेखांश मोजायला सुरुवात केली ती उज्जैनच्या मध्यरेषेपासून, ग्रीनिचच्या कितीतरी आधी. जयपूरच्या राजा जयसिंगाने तिथे बांधलेली वेधशाळा पडझडीला आली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. अजून तिथे सावलीवर वेळ बघता येते.

---

मुरारची सून | मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचलं, दोनदा. मुलालाही वाचून दाखवलं. पण दादा, त्या पोरीला उत्तर काय दिलंत? ती वाट बघत असेल.

---

किल्ल्याखालचा | बुधवार, रात्री ८.१५

आज दिलं. खरं म्हणजे मी नाही, हातचा एक काकांनी दिलं.

काल रात्री त्यांनी मला फोन केला, म्हणाले, "पोरीला घेऊन उद्या पाच वाजता मैदानावर ये. सोबत सुतळीचा गुंडा आण." आम्ही दोघं गेलो. काका आधीच येऊन बसले होते, टोपी घालून. त्यांनी पोरीला जवळ घेतलं आणि स्वतःचा हात जमिनीवर टेकवून दाखवला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. "हा एक हात." मग त्या मापाने सुतळीवर मोजायला लावलं. दहा हात झाले की गाठ, आणि तिथे सुतळी कापली.

"आता ही दोरी टाकत चल. प्रत्येक दोरीला एक खडा खिशात टाक."

मी एक टोक धरलं, तिने दुसरं. चढत्या उन्हाचे दिवस, पण पाच वाजता मैदानावर सावली होती. पोरं क्रिकेट खेळत होती, ती थांबून बघायला लागली. दोघं-तिघं येऊन दोरी ताणायला मदतही करू लागली. आधी बागेची रुंदी घेतली. अठरा दोऱ्या झाल्या. काका म्हणाले, "पुरे. आता सुट्या हातांनी मोज." ते वाकू शकत नाहीत, म्हणून माझ्या हाताने मोजलं. सात. पोरीने खडे ओतले, अठरा, आणि बोटाने मातीत लिहिलं, १८, त्याच्यापुढे ७.

मग काटकोनात वळून लांबी. सत्तावीस दोऱ्या. मैदान तिथे जवळजवळ संपलंच होतं, कुंपणाला लागलो. काका मागून आवाज देत आले, "किती खडे?"

"सत्तावीस."

"सुटे हात किती उरले?"

तिने दोरीच्या टोकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "एकपण नाही."

"मग लिही तसं."

ती खाली बसली. २ लिहिला, ७ लिहिला. बोट तसंच धरून थोडा वेळ थांबली. मग मातीत एक लहानसं गोल काढलं, बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक, अगदी देवळातल्यासारखं. आणि काकांना म्हणाली, "आजोबा, हे नसतं ना लिहिलं, तर बाग सत्तावीस हातांची झाली असती. हार पुरले नसते."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढली नि त्या गोलाला नमस्कार केला.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता किला गेटपाशी जमतो आहोत. काकांसाठी उरवाईकडून गाडी, ती वरून हाथी पौरपर्यंत आणता येत नाही तेवढं अंतर आपण त्यांना हात देऊ. बॅटरी आणा, उजेड तिरपा धरायचा आहे. येणाऱ्यांनी खाली नाव लिहा.

---

मुरारची सून | बुधवार, रात्री ८.२५

मी आणि मुलगा, दोघं. हार घेऊन येते.